उजनीत उतरणारे सांडपाणी आणि भवानी पेठेतला नळ

मुळा, मुठा, पवना आणि इंद्रायणी या नद्या पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी पोटात घेऊन भीमेला मिळतात आणि भीमा दौंडवरून उजनीच्या जलाशयात येते. सोलापूर शहराची तहान मुख्यतः याच जलाशयावर भागते. धरणातले पाणी शहराला दोन वाटांनी मिळते. शंभरहून अधिक किलोमीटरच्या जलवाहिनीतून ते पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येते. दुसरी वाट नदीची. धरणातून सोडलेले आवर्तन पंढरपूरवरून वाहत औज व चिंचपूरच्या बंधाऱ्यांत अडते, टाकळीच्या जॅकवेलमधून उचलले जाते आणि सोरेगावला शुद्ध होते. शहरातल्याच भवानी पेठेतल्या केंद्राला ब्रिटिश काळात बांधलेल्या एकरूख, म्हणजेच हिप्परगा तलावाचे पाणी मिळते. पण उपसा सिंचन योजनेमुळे त्या तलावातही उजनीचे पाणी आणण्याची सोय झाली आहे.

मैलाशुद्धीकरण केंद्रात पाण्यातला गाळ बसवतात, मग हवा सोडून जिवाणू वाढवतात आणि त्यांच्याकरवी सेंद्रिय घाण संपवतात. किती घाण उरली हे जैविक ऑक्सिजन मागणीवरून, म्हणजे बीओडीवरून मोजतात. कच्च्या मैलापाण्यात ही मागणी लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते. नीट चालणाऱ्या केंद्रातून बाहेर पडताना ती १० ते ३० वर येते. पिण्यासाठी जिथून पाणी उचलायचे त्या नदीत मात्र ती ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. मधले अंतर नदीच्या वाहत्या, स्वच्छ पाण्याने भरून काढावे, अशी अपेक्षा असते. पण मुठेचे पाणी खडकवासला धरणात अडवलेले असते. उन्हाळ्यात पुण्याखाली वाहते ते बहुतांशी सांडपाणीच. प्रक्रिया झालेले पाणी नदीत सोडण्यालायक असते, पिण्यालायक नव्हे, आणि या दोन गोष्टींची गल्लत फार महागात पडते. शिवाय सगळ्या सांडपाण्यावर प्रक्रिया होतच नव्हती, म्हणून तर २०१६ मध्ये जपानच्या कर्जाच्या आधारे मुळा-मुठेसाठी सुमारे ९९० कोटी रुपयांचा आणि ११ नव्या केंद्रांचा प्रकल्प मंजूर करावा लागला.

नेहमीच्या प्रक्रियेनंतरही नायट्रोजन आणि फॉस्फरस बऱ्याच प्रमाणात पाण्यात राहतात. मूत्र, विष्ठा आणि साबणातून आलेली ही द्रव्ये शेताला खत ठरतात, तशीच जलाशयातल्या शेवाळाला आणि जलपर्णीलाही. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला निम्म्याहून अधिक, ६३ टीएमसीच्या पुढचा साठा मृतसाठा आहे. सोलापूरकर ‘उजनी मायनसमध्ये गेली’ म्हणतात तेव्हा पाणी या साठ्यात उतरलेले असते. मग दुबार, तिबार पंपिंग करून ते जलवाहिनीपर्यंत चढवावे लागते. पाणी थोडे, उथळ आणि तापलेले असते. निळ्या-हिरव्या शेवाळाला हेच मानवते. त्यातल्या काही जाती यकृताला घातक विष तयार करतात. काहींमुळे पाण्याला मातकट वास येतो. तो वास देणारे द्रव्य लिटरमध्ये ग्रॅमच्या अब्जाव्या भागाइतके असले तरी नाकाला कळते.

जलशुद्धीकरण केंद्राची अडचण इथे सुरू होते. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पण विरघळलेला अमोनिया पाण्यातच राहतो. क्लोरीन सोडला की तो जंतूंआधी या अमोनियाशी अडकतो. एक भाग अमोनिया-नायट्रोजनपायी आठ ते दहा भाग क्लोरीन खर्ची पडतो. मात्रा वाढवावी तर उरलेल्या सेंद्रिय द्रव्याशी संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी नको ती संयुगे बनतात, आणि शेवाळाच्या पेशी फुटून आतले विष पाण्यात मोकळे होते. म्हणून शेवाळ आधी गाळून काढायचे आणि क्लोरीन नंतर द्यायचा, हा क्रम महत्त्वाचा. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेवरच्या वझिराबाद केंद्राजवळ नाल्याचे पाणी उलटे शिरले. क्लोरीन वाढवल्याने पटकी-विषमज्वराची साथ आली नाही, तरी विषाणू तगला आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली.

केंद्रातून शुद्ध निघालेले पाणीही नळापर्यंत तसेच पोहोचेल याची हमी नसते. भवानी पेठेसारख्या जुन्या, दाट वस्तीत जलवाहिनी आणि गटार शेजारी-शेजारी असतात. सोलापुरात कित्येक वर्षे काही दिवसांआड पाणी सुटते. नळ बंद असताना वाहिनीतला दाब जातो आणि फुटक्या जोडातून बाहेरची घाण आत ओढली जाते. पाणी हौदात, पिंपात साठवले की त्यातला क्लोरीनही उडून जातो. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा लागतो. तो पाहण्याची ओटी चाचणी अगदी सोपी आहे: परीक्षानळीत नळाचे पाणी घेऊन ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, पाणी कोरेच राहिले तर नाही.

खरा उपाय वरच्या अंगाला आहे. फॉस्फरस आणि नायट्रोजन काढणारी तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया पुण्याकडे झाली, तर उजनीतले शेवाळ उपाशी राहील. प्रक्रिया केलेले पाणी शेती व कारखान्यांकडे वळवणे हा दुसरा मार्ग. नामिबियातले विंडहूक शहर १९६८ पासून सांडपाणीच अनेक टप्प्यांतून शुद्ध करून पिते. तिथे प्रत्येक टप्प्यावर कसून तपासणी होते. सोलापूरचे स्वतःचे सांडपाणीही सीनेतून भीमेत जाते आणि त्याच भीमेवर पुढे कर्नाटकातले कलबुर्गी अवलंबून आहे, तेव्हा देगावच्या मैलाशुद्धीकरण केंद्रालाही हीच कसोटी लागते. घरापुरते बोलायचे तर पाणी खळखळून उकळल्याने जंतू आणि विषाणू मरतात. नायट्रेट, क्षार आणि शेवाळाचे विष उकळून जात नाही.