ना हरकत

सकाळचे साडेअकरा. आत नगर परिषदेचं सम्मेलन, म्हणजे सभा, चाललंय आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर आम्ही सातआठ जण तिच्या निकालाची वाट बघत बसलोय. सभागृहाची खिडकी उघडी आहे, पण कूलरची घरघर एवढी की कोणीतरी काहीतरी वाचतंय, यापलीकडे काही कळत नाही. बाहेर पार्षदांच्या, म्हणजे नगरसेवकांच्या, मोटारसायकली एकमेकींना टेकून उभ्या.

माझ्यासमोरच्या काकांचं धोतर पांढरं होतं, आता नाही. केळीच्या चिकाचे तपकिरी डाग गुडघ्यापर्यंत. जुने काळपट, आजचे ताजे. पहाटेच गाडी भरून देऊन आलेत. शेजारच्या पोरानं मोबाइलवर अजेंडा उघडलाय. अजेंडा हिंदीत, त्याच्यावरची टीका मराठीत. बुऱ्हानपुर जिल्ह्यातल्या आमच्या शाहपुरात हे असंच चालतं. 1956 मध्ये जुन्या मध्यप्रदेशातले विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, निमाड इकडेच राहिला. तेव्हापासून अर्ज हिंदीत आणि भांडण मराठीत.

‘‘उद्योग हेतु भूमि... अनापत्ति...’’ पोरगा वाचतो.

‘‘अनापत्ति म्हंजे?’’

‘‘ना हरकत, काका.’’

‘‘पन हरकत तं आहे ना!’’

टपरी हसते. काका हसत नाहीत. त्यांचं शेत त्या जागेच्या खालच्या अंगाला आहे.

बोरगावपासून मुक्ताईनगरकडे जाणाऱ्या चौपदरी रस्त्यात शाहपुरच्या वाट्याला बायपास आला, तेव्हापासून गावात जमिनीशिवाय दुसरा विषय नाही. काल जिथं केळीची खोडं कुजत होती, तिथं आज ‘फ्रंट किती फूट?’ हा प्रश्न. पोरगा कारखान्याच्या बाजूचा. तो बुऱ्हानपुरात पॉवरलूमवर रोज जातो. तिथली 1906 सालची ताप्ती मिल 2020 च्या टाळेबंदीपासून बंद आहे, आणि त्याचे आजोबा तिथंच कामाला होते. ‘‘इथं काही आलं तं रोजचं बसभाडं वाचंल,’’ तो म्हणतो. चिप्स, पावडर, खोडाचा धागा, काहीही चालेल त्याला. त्याचं म्हणणं खोटं नाही. केळी आपली आणि नफा दुसऱ्याच्या गावी, हे किती वर्षं चालायचं?

‘‘पानी जाईन कुठं, ते सांग ना भाऊ,’’ काका विचारतात.

पोरगा मग टेबलावरच नकाशा मांडतो. पत्र्याचं टेबल, एक पाय आखूड. रिकामा ग्लास म्हणजे बस स्टँड. माचिसची डबी बायपास. खारी म्हणजे ती जागा. ‘‘ही नाली अशी येईन,’’ म्हणत तो बशीतला उरलेला चहा खारीच्या कडेला ओततो. चहा क्षणभर थांबतो, विचार केल्यासारखा. मग माचिसच्या डबीला वळसा घालून, ग्लासाच्या बुडाशी जरा साचून, सरळ आखूड पायाकडे निघतो आणि काठावरून थेंब थेंब काकांच्या धोतरावर.

‘‘हे पाय,’’ काका शांतपणे म्हणतात. ‘‘हेच म्हनून राह्यलो मी.’’

यावर कोणी काही बोलत नाही. खारी मात्र भिजून फुगत चाललीय.

सगळा वाद या थेंबांपाशी येऊन थांबतो. जमीन सरकारी असेल तर ती महसूल आणि उद्योग खात्याच्या हातात, नकाशा नगर व ग्राम निवेशकडे. पण एकदा शेड उभी राहिली की रस्त्याचा दिवा, कचऱ्याची गाडी, पाणी आणि सांडपाणी हे 1961 च्या नगरपालिका कायद्यानं गावाच्या गळ्यात. नेपानगरला वेगळं होतं. तिथं कागद कारखाना आधी आला आणि वसाहत, पाणी, दिवे त्यानंच केले. आता प्लॉट येतो, वसाहत येत नाही. आपण ना हरकत देताना फक्त जागा बघतो, उतार बघत नाही. आणि या भागाला उतार शिकवायची खरं तर गरज नाही. बुऱ्हानपुरात 1615 च्या सुमारास बांधलेल्या कुंडी भंडाऱ्यात सातपुड्यातलं झिरपणारं पाणी शंभरावर कुंड्यांतून निव्वळ उतारानं शहरात आणलेलं आहे. मोटर नाही, वायर नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर एक बाईही बोलतात. हातात नळाच्या अर्जाची फाइल, मघापासून उभ्याच. त्यांचं माहेर जवळच्याच खेड्यात. जुलै 2022 मध्ये बुऱ्हानपुर हा देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला, 254 गावांच्या ग्रामसभांनी तसे ठराव दिले, त्यात त्यांचं माहेरही आलं. ‘‘मायच्या घरी नळ, अन् मी शहरवाली,’’ त्या म्हणतात. ती योजना खेड्यांची. शाहपुर कागदावर नगर, म्हणून त्या मोजणीत नाहीच. शहर असण्याची ही गंमत मला आजच कळली.

आत खुर्च्या सरकल्याचा आवाज येतो. सगळे उठतात. शिपाई रस्ता ओलांडून येतो, बोटं मोजत.

‘‘काय झालं रे जागेचं?’’ पोरगा विचारतो.

‘‘अजून दुसऱ्याच मुद्द्यावर हायेत. सफाईच्या गाडीवर.’’ मग टपरीवाल्याकडे वळून, ‘‘नऊ चहा दे. तीन बिनसाखरेचे.’’

आम्ही पुन्हा बसतो. काका मात्र बाक उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेतात आणि तिथं बसतात.