संकेतस्थळांची स्मरणशक्ती: कुकी

एखाद्या संकेतस्थळावर एकदा नाव आणि पासवर्ड दिला की पुढच्या प्रत्येक पानावर तो पुन्हा विचारला जात नाही. खरेदीसाठी निवडलेली पुस्तके पैसे भरेपर्यंत यादीत जशीच्या तशी राहतात. आणि आदल्या दिवशी एका दुकानाच्या स्थळावर पाहिलेल्या बुटांची जाहिरात दुसऱ्या दिवशी भलत्याच स्थळावर, बातम्या वाचताना समोर येते. पहिल्या दोन गोष्टी सोयीच्या, तिसरी अस्वस्थ करणारी. या तिन्हींमागे बहुधा एकच साधन असते. त्याचे नाव कुकी.

वेबचा व्यवहार ज्या 'एचटीटीपी' नियमांनुसार चालतो, त्यांना मुळात स्मरणशक्ती नाही. ब्राउझर पान मागतो, सर्व्हर ते देतो आणि व्यवहार तिथेच संपतो. पुढचे पान मागणारा तोच की दुसरा कोणी, हे सर्व्हरला कळत नाही. अशा स्थितीत ऑनलाइन खरेदी अवघड होती. ही अडचण १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली या प्रोग्रामरने सोडवली. युनिक्स प्रणालीवर काम करणाऱ्यांमध्ये 'मॅजिक कुकी' हा शब्द आधीच रूढ होता. त्यावरून हे नाव आले.

मंदिराबाहेर पादत्राणे ठेवली की क्रमांकाचा बिल्ला मिळतो. सांभाळणाऱ्याला भाविकाचे नाव ठाऊक नसते. बिल्ला पाहून तो नेमका जोड काढून देतो. कुकीचे कार्य असेच चालते. सर्व्हर पहिल्या उत्तरासोबत एक लांबलचक क्रमांक पाठवतो. ब्राउझर तो जपून ठेवतो आणि त्याच स्थळाकडे जाणाऱ्या पुढील प्रत्येक मागणीसोबत आपणहून परत धाडतो. नाव, निवडलेल्या वस्तू वगैरे तपशील बहुधा सर्व्हरवरच असतात. कुकी हा साधारण चार किलोबाइटपर्यंतचा निव्वळ मजकूर असतो. तो प्रोग्राम नव्हे, त्यामुळे त्यातून व्हायरस पसरत नाही.

बिल्ला दुसऱ्याच्या हाती पडला तर

ज्याच्या हाती बिल्ला, त्याला पादत्राणे मिळतात. कुकीचा खरा धोका इथेच आहे. लॉग-इन झाल्यावर सर्व्हर पासवर्ड नव्हे, तर कुकी पाहून ओळख पटवतो. ती चोरणाऱ्याला पासवर्डची गरजच उरत नाही. सार्वजनिक वाय-फायवर शेजारच्या व्यक्तीची कुकी किती सहज पळवता येते, हे ऑक्टोबर २०१० मध्ये 'फायरशीप' या छोट्या प्रोग्रामने जगाला दाखवून दिले. त्यानंतरच्या वर्षांत बहुतेक मोठ्या स्थळांनी सर्व पानांसाठी 'एचटीटीपीएस' ही सांकेतिक भाषेतील देवाणघेवाण स्वीकारली. तरीही संगणकात शिरलेले घातक सॉफ्टवेअर कुकी थेट उचलून नेऊ शकते.

काही कुकी ब्राउझर बंद होताच नाहीशा होतात, तर काही ठरलेल्या मुदतीपर्यंत टिकतात. काही ब्राउझर आधीची पाने पुन्हा उघडताना पहिल्या प्रकारच्या कुकीही परत आणतात. म्हणून सामायिक संगणकावर केवळ खिडकी बंद करणे पुरेसे नाही. 'लॉग-आउट' केल्यावर सर्व्हर तो क्रमांकच रद्द करतो, निदान तसे करणे अपेक्षित असते.

तिऱ्हाइताची खूण

एका स्थळाची कुकी दुसऱ्या स्थळाला वाचता येत नाही. मग बुटांची गोष्ट बातम्यांच्या पानाला कशी कळते? उत्तर असे की ती त्या पानाला कळतच नाही. दोन्ही पानांवरील जाहिराती एकाच तिसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरून येतात. दोन्हीकडून त्या कंपनीला तिचीच कुकी परत मिळते आणि भेटींची साखळी जुळत जाते. ही 'थर्ड पार्टी' कुकी होय.

हा धोका सुरुवातीलाच ओळखला गेला होता. फेब्रुवारी १९९७ मधील पहिल्या कुकी मानकाने अशा कुकी ब्राउझरने मुळातच नाकाराव्यात, असे सुचवले होते. प्रमुख ब्राउझरनी ते मानले नाही आणि त्यावर जाहिरात व्यवसाय उभा राहिला. फायरफॉक्सने २०१९ पासून माग काढणाऱ्या ज्ञात कुकी रोखण्यास सुरुवात केली. सफारीने मार्च २०२० मध्ये अशा सर्वच कुकींना दार बंद केले. गूगलने मात्र क्रोममधून त्या हटवण्याची २०२० मध्ये केलेली घोषणा जुलै २०२४ मध्ये मागे घेतली.

क्रोम वापरणाऱ्यांना हा निर्णय स्वतः घ्यावा लागतो. सर्वच कुकी बंद केल्या तर लॉग-इनही चालत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन केवळ 'थर्ड पार्टी' कुकी रोखल्या तर लॉग-इन व खरेदीची यादी बहुतेक ठिकाणी पूर्ववत चालते आणि स्थळास्थळांवरून होणारा पाठलाग बराच कमी होतो. तो पूर्ण थांबतो असे मात्र नाही, कारण माग काढण्याचे इतर मार्गही आहेत. संमती विचारणाऱ्या चौकटीत घाईने 'सर्व स्वीकारा' दाबण्यापूर्वी नकाराचा पर्याय शोधणे म्हणूनच हिताचे ठरते.