मानेच्या मणक्यातील इंजेक्शन : सुईची निवड आणि सुरक्षितता

मानेतून निघून खांद्यावरून बोटांपर्यंत उतरणारी कळ बहुधा दाबल्या गेलेल्या मज्जातंतूच्या मुळाची असते. औषधे आणि व्यायाम यांनी ती हटली नाही, तर मुळाभोवतीची सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले जाते. कमरेतल्या अशाच इंजेक्शनपेक्षा हे काम अधिक नाजूक असते. प्रौढांत मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्यामुळे त्याखाली सुई गेली तरी तिच्या वाटेत तो नसतो. मानेत मात्र तो पुऱ्या जाडीचा असतो आणि त्याच्याभोवती मोकळी जागा जेमतेम काही मिलिमीटरांची.

औषध पोचवण्याची एक वाट मागून, दोन मणक्यांच्या कमानींमधून एपिड्यूरल पोकळीत, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या जागेत, जाते. तिथे टूही सुई वापरतात. एडवर्ड टूही या भूलतज्ज्ञाने १९४० च्या दशकात, रॅल्फ ह्यूबर या दंतवैद्याने घडवलेले वाकडे टोक वापरून ती रूढ केली. टोक वळलेले आणि काहीसे बोथट असल्याने ड्यूरा हे मज्जारज्जूचे चिवट आवरण सहजी भोसकले जात नाही. सुई जाड असते: १८ गेज म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास, कारण गेजचा आकडा वाढतो तशी सुई बारीक होत जाते. ही जाडी इथे उपयोगाची ठरते. कमानींना जोडणाऱ्या पिवळ्या अस्थिबंधातून सुई पार होताच सिरिंजवरचा विरोध एकदम नाहीसा होतो आणि तो बदल हाताला नीट जाणवतो. पण मानेत हा अस्थिबंध मधोमध पुष्कळदा जुळलेलाच नसतो. तिथे हाताची जाणीव फसवी ठरते, म्हणून सी-आर्म या फिरवता येणाऱ्या यंत्राच्या क्ष-किरणांत बाजूने किंवा तिरके पाहून टोकाची खोली ठरवावी लागते. पोकळी वरच्या मणक्यांत आणखी अरुंद होते. त्यामुळे सुई शक्यतो मानेचा सातवा आणि पाठीचा पहिला मणका यांच्या मधून घालावी, सहाव्या-सातव्याच्या वर जाऊ नये, असे एका तज्ज्ञगटाने २०१५ मध्ये सुचवले. त्या पातळीवर पुरेशी जागा आहे का, हे आधी एमआरआयवर पाहायचे असते.

दुसरी वाट बाजूने, मज्जातंतू जिथून बाहेर पडतो त्या छिद्रातून. मोठा धोका इथे आहे. छिद्राच्या लगत मेंदूकडे जाणारी कशेरुक धमनी असते आणि मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या छिद्रातूनच आत शिरतात. या वाटेने सहसा २२ किंवा २५ गेजची धारदार क्विंकी सुई घालतात. ती बारीक असल्याने कमी दुखते आणि हवी तशी वळवता येते, पण धमनीची भिंतही तितक्याच सहज भेदते. सिरिंज मागे ओढून रक्त आले नाही, म्हणजे टोक धमनीबाहेर आहे, असे मुळीच नाही. बोथट सुई धमनी बाजूला सारते, हे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. मात्र तिला आधी दुसऱ्या सुईने वाट करून द्यावी लागते आणि तीही पूर्ण हमी देत नाही.

टोकाच्या या वादापेक्षा सिरिंजमध्ये काय आहे, हे अधिक महत्त्वाचे. मिथाइलप्रेडनिसोलोन आणि ट्रायमसिनोलोन यांत कण असतात. त्यांच्या गुठळ्या तांबड्या पेशींहून मोठ्या होऊन धमनी बुजवू शकतात, आणि मग अर्धांगवायू, दृष्टी जाणे किंवा मृत्यूही ओढवू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये एपिड्यूरल स्टेरॉइडबाबत हाच इशारा दिला. असे प्रसंग दुर्मीळ असले तरी होतात. म्हणून मानेत छिद्राच्या वाटेने कणयुक्त स्टेरॉइड देऊच नये. त्याऐवजी डेक्सामेथासोन वापरावे, कारण ते विरघळलेले असते. औषधाआधी क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य सोडून ते कुठे पसरते, हे चालू चित्रात पाहतात. सुईला आधीच बारीक नळी जोडलेली असली, तर सिरिंज बदलताना टोक हलत नाही.

दुखणे मानेपुरतेच असून मणक्यांच्या मागच्या सांध्यांतून येत असेल, तर त्या सांध्यांच्या चेतातंतूंना बधिर करतात. सुई हाडावर टेकत असल्याने हे काम तुलनेने सोपे.

गाढ झोपेचे औषध टाळावे, कारण सुई मज्जातंतूला लागली की उठणारी झिणझिणी जागा असलेला रुग्णच सांगू शकतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती आधी सांगावीत. ती थांबवायची का आणि किती दिवस, हे ती देणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरते. इंजेक्शननंतर हातापायांत वाढती कमजोरी, लघवीवरचा ताबा सुटणे किंवा मानेत असह्य वेदना जाणवली, तर तातडीने रुग्णालय गाठावे. पोकळीत रक्त साचून मज्जारज्जू दाबला जात असेल, तर शस्त्रक्रिया काही तासांत व्हावी लागते.