सोन्याचे झुबे, मातीची पदके

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन काळातले सोन्याचे कानातले दागिने आहेत. त्या रोमन सोन्याशी आपल्या मुलखाचे जुने नाते आहे. इंदापूरहून टेंभुर्णी, बार्शी ओलांडून गेले की धाराशिव जिल्ह्यातले तेर लागते. हेच प्राचीन तगर. सुमारे २००० वर्षांपूर्वी इथले सुती कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाई, तेथून जहाजाने रोमन मुलखाकडे. बदल्यात सोन्याचांदीची नाणी येत. हिंदुस्थान दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात लिहून ठेवली.

मग ते सोने गेले कोणाकडे? तेरच्या मातीत रोमन नाण्यासारखी मातीची पदके सापडली आहेत. दोऱ्यात ओवायला त्यांना भोक ठेवलेले आहे. ज्यांना खरे नाणे परवडत नव्हते, त्यांनीच ती घातली असावीत, असे आम्हाला वाटते. सूत कातणाऱ्या आणि माग चालवणाऱ्या हातांची नावे कुठे लिहिलेली नाहीत.

बारामती-इंदापूरच्या माताभगिनींनो, सुट्टीत मुलांना तेरचे रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय दाखवा. दागिना कोणाचा, एवढेच त्यांना विचारू नका. त्यामागे राबले कोण, हेही विचारा.