नागमोडी कापलेला कागद

२० डिसेंबर १७७७. अमेरिकन बंडखोरांची राजधानी फिलाडेल्फिया ब्रिटिशांच्या हातात गेलेली. जॉर्ज वॉशिंग्टन यांची थकलेली, अर्धपोटी फौज आदल्याच दिवशी व्हॅली फोर्जच्या गारठ्यात तळ ठोकायला पोहोचलेली. फ्रान्सनेसुद्धा अजून उघडपणे हात दिलेला नव्हता. नेमक्या त्याच दिवशी अटलांटिकच्या दुसऱ्या काठावर मोरोक्कोचे सुलतान तिसरे मोहम्मद यांनी जाहीर केलं, की ज्या देशांच्या जहाजांना आपली बंदरं खुली आहेत, त्यांत अमेरिकनही आहेत.

कोणी वकील पाठवला नव्हता, कोणी विनंती केली नव्हती. ज्यांच्यासाठी हे दार उघडलं, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता! २०२७च्या डिसेंबरात या गोष्टीला २५० वर्षं होतील, आणि मला ती अजूनही थक्क करते.

सुलतानांचा हिशेब मात्र पक्का होता. प्रजेवरच्या करांपेक्षा आणि सैन्याच्या धाकापेक्षा परदेशी व्यापाराच्या जकातीवर खजिना चालवावा, असं त्यांचं धोरण होतं. त्यासाठीच त्यांनी १७६०च्या दशकात फ्रेंच अभियंत्याकडून आराखडा करून घेऊन एसाविरा हे बंदर उभारलं. व्यापाराला जहाजं हवीत, मग ती नव्या देशाची का असेनात.

अमेरिकनांकडून उत्तर येईना. सुलतानांच्या वतीने एका फ्रेंच व्यापाऱ्याने पॅरिसमध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांना लिहिलं, तरी काही हलेना. अखेर १७८४मध्ये मोरोक्कोने ‘बेट्सी’ हे अमेरिकन व्यापारी जहाज धरलं. खलाशांना गुलाम केलं नाही, माल लुटला नाही. करार करा, एवढंच म्हणणं होतं. स्पेनच्या मध्यस्थीने जहाज सुटलं आणि १७८६मध्ये अमेरिकेचे दूत थॉमस बार्कले माराकेशला पोहोचले. तिथे ठरलेल्या करारावर पुढच्या जानेवारीत पॅरिसमध्ये थॉमस जेफरसन यांनी आणि लंडनमध्ये जॉन अ‍ॅडम्स यांनी सह्या केल्या. त्यात खंडणीचा शब्दही नव्हता. अल्जीयर्सशी पुढे असाच समझोता करताना अमेरिकेला भरपूर पैसा मोजावा लागला, हे लक्षात घेतलं की सुलतानांचं वेगळेपण कळतं.

करारातली कलमं वाचताना माणूस थांबतो. दोन्ही देशांत युद्ध झालंच तर कैद्यांना गुलाम करायचं नाही. कप्तानाच्या बदल्यात कप्तान, साध्या खलाशाच्या बदल्यात खलाशी द्यायचा, आणि कुठे माणूस कमी पडला तर त्याचे शंभर मेक्सिकन डॉलर भरायचे. दोन्हीकडे गुलामगिरी सर्रास चालू असताना हे कागदावर आलं.

आणखी एक कलम सांगतं, की समुद्रात गाठ पडल्यावर ओळख पटावी म्हणून जहाजांना परवाना द्यावा. पण भर समुद्रात एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या खलाशांनी तो खरा की खोटा हे कसं ठरवायचं? ब्रिटिशांकडे याची जुनी युक्ती होती. अमेरिकेने १७९६च्या कायद्यानंतर तीच उचलली. चित्रं कोरलेला परवाना चामड्यावर छापायचा आणि वरचा भाग नागमोडी रेषेत कापून टाकायचा. खालचा तुकडा जहाजावर राहायचा. वरचे तुकडे उत्तर आफ्रिकेतल्या बंदरांना जायचे आणि तिथून गस्तीच्या जहाजांवर. हवालावाले फाटक्या नोटेचे दोन अर्धे जुळवून पाहतात, तसंच हे. कडेला कड बसली, चित्र पुरं झालं, की जहाज मित्राचं. एक अक्षरही वाचता न येणारा खलाशी दोन सरकारांमधला करार असा हातांनी तपासायचा.

त्याआधी, १ डिसेंबर १७८९ला राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी सुलतानांना पत्र लिहून पत्रव्यवहारातल्या उशिराबद्दल दिलगिरी कळवली. आमच्याकडे सोन्याचांदीच्या खाणी नाहीत, आमचं राष्ट्र नुकतंच युद्धातून सावरतंय, अशी सरळ कबुली त्यात आहे.

१८२१मध्ये मोरोक्कोचे सुलतान सुलेमान यांनी आपल्या तांजियरच्या जुन्या शहरातलं एक घर अमेरिकेला भेट दिलं. परदेशातली अमेरिकन सरकारची ही पहिली मालमत्ता. १८३९मध्ये तेव्हाच्या सुलतानांचा माणूस तिथल्या वकिलातीच्या दारात सिंह आणि सिंहीण घेऊन उभा राहिला. राज्यघटनेप्रमाणे मला भेट घेता येत नाही, असं अमेरिकेचे तिथले वकील थॉमस कार यांनी परोपरीने सांगितलं. पण भेट परत नेली तर आणणाऱ्याचं डोकं जाणार! मग जनावरं रस्त्यात सोडून देण्याची भाषा सुरू झाली. शेवटी कार यांनी घरातली एक खोली सिंहांना दिली. पुढे ती जोडी समुद्रापार फिलाडेल्फियाला पोहोचली आणि काँग्रेसच्या संमतीने लिलावात विकली गेली. त्या घरात आता संग्रहालय आणि अभ्यासकांचं ग्रंथालय आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत १९८२पासून ते आहे. परदेशातलं असं दुसरं ठिकाण त्या यादीत नाही.

कराराची मुदत पन्नास वर्षांची होती. १८३६मध्ये नूतनीकरण करताना ठरलं, की पुढची पन्नास वर्षं सरल्यावरही, कोणी बारा महिन्यांची सूचना देईपर्यंत करार चालूच राहील. १९१२मध्ये फ्रान्सने मोरोक्कोला आपल्या संरक्षणाखाली घेतलं, तरी करार संपला नाही. १९५२मध्ये फ्रान्स आणि अमेरिका हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भांडत होते, तेव्हा न्यायाधीशांनी सुलतानांच्या काळातली ती कलमं उलगडून, मोरोक्कोतल्या अमेरिकनांचे खटले कोणी चालवायचे याचा निवाडा दिला. चारच वर्षांनी मोरोक्को स्वतंत्र झाला आणि अमेरिकेने आपल्या माणसांचे खटले स्वतः चालवण्याचे विशेष हक्क सोडले. करार मात्र आजही लागू आहे.