परराज्यातले पोलीस दारात आले तर

१३ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्ली पोलिसांनी पर्यावरण कार्यकर्ती दिशा रवी हिला बेंगळुरूत अटक केली आणि दुसऱ्या दिवशी थेट दिल्लीच्या न्यायालयात हजर केले. बेंगळुरूतल्या दंडाधिकाऱ्यांकडून ट्रान्झिट रिमांड (आरोपीला दुसऱ्या राज्यात नेण्याची परवानगी) का घेतला नाही, यावर बराच वाद झाला. २३ फेब्रुवारीला तिला जामीन मिळाला.

परराज्यात जाऊन अटक करण्याचा अधिकार पोलिसांना आहे. मात्र त्याला मर्यादा आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर न्यावेच लागते (कलम ५८). अटकेचे कारण सांगणे (कलम ४७) आणि घरच्यांना किंवा मित्राला कळवणे (कलम ४८) बंधनकारक आहे. अटकेच्या पंचनाम्यावर कुटुंबातील व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित नागरिकाची साक्षीदार म्हणून सही लागते. अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करता येत नाही. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते. तो पूर्ण वेळ शेजारी बसेलच असे नाही.

नुसती हजर राहण्याची नोटीस आली असेल, तर ती अटक नव्हे. पण ती टाळल्यास अटक होऊ शकते, म्हणून वकिलाचा सल्ला घेऊन वेळेवर जावे.