विशेषनाम, निर्देश आणि वापर : एका युद्धकैद्याच्या सुटकेच्या प्रयत्नातून

विशेषनामाची व्याख्या आपण शालेय व्याकरणात पाठ केलेली असते. त्या व्याख्येनुसार विशेषनाम एका विशिष्ट व्यक्तीचा, स्थळाचा वा वस्तूचा निर्देश करते. ही व्याख्या चुकीची नाही. पण अपुरी आहे. ती कुठे अपुरी पडते, हे फ्लाइट लेफ्टनंट दिलीप कमलाकर पारुळकर या मराठी लढाऊ वैमानिकाच्या उदाहरणावरून पाहू.

पारुळकरांनी दोन युद्धे लढली. १९६५ च्या युद्धात शत्रूच्या गोळीबारात त्यांचे विमान व उजवा खांदा जायबंदी झाला. विमान सोडून हवाई छत्रीने उतरण्याचा सल्ला मिळूनही त्यांनी ते तळावर परत आणले. या कामगिरीसाठी त्यांना वायुसेना पदक मिळाले. पुढे १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई-७ विमान पाडले गेले आणि ते पाकिस्तानात युद्धकैदी झाले. रावळपिंडीच्या छावणीत भारतीय वायुसेनेचे बारा अधिकारी होते. १९७२ च्या ऑगस्टमध्ये, १२ तारखेच्या रात्री, पारुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे तिघे कोठडीच्या भिंतीला भोक पाडून निसटले. पेशावरमार्गे अफगाणिस्तानची हद्द गाठायची, असा त्यांचा बेत होता.

धारण केलेले नाव

तिघांनी आपण पाकिस्तानी हवाई दलातील कर्मचारी असल्याचे भासवले. पारुळकर झाले फिलिप पीटर, ग्रेवाल अली अमीर आणि सिंहजी हॅरोल्ड जेकब. येथे नावाचे पहिले कार्य दिसते. नाव केवळ व्यक्ती दाखवत नाही. ते त्या व्यक्तीचा धर्म, समाज, बोलण्याची ढब यांविषयी ऐकणाऱ्याच्या मनात अपेक्षा निर्माण करते. ‘फिलिप पीटर’ इंग्रजी बोलला, तर कोणाच्या भुवया उंचावत नाहीत.

नकाशातले नाव

बस, टांगा आणि पायी अशी मजल मारत ते खैबर खिंडीतील लंडी कोतल येथे पोहोचले. सरहद्द आता काही मैलांवर होती. नकाशावर त्यांनी पुढचे रेल्वेस्थानक पाहिले होते : लंडी खाना. तेथे कसे जायचे, असे त्यांनी विचारले आणि संशय ओढवून घेतला. खैबर रेल्वे १९२६ मध्ये लंडी खानापर्यंत नेली होती, हे खरे. पण तो टप्पा १९३२ मध्येच बंद झाला होता. चाळीस वर्षांत तेथे गाडी गेली नव्हती. नकाशाच्या दृष्टीने प्रश्न निर्दोष होता. स्थानिकांच्या दृष्टीने मात्र तो परक्याचा प्रश्न होता. त्या काळी पाकिस्तानात अडकलेले बंगाली याच वाटेने निसटत असत. हे तिघेही त्यांपैकीच असावेत, असा तहसील कचेरीतील एका लेखनिकाचा समज झाला आणि ते पकडले गेले.

यातून काय दिसते? नावाचा निर्देश अचूक असणे पुरेसे नसते. ते नाव आज कोण, कशासाठी आणि कोणत्या अपेक्षेने उच्चारतो, हे ज्ञान समाजाजवळ असते, नकाशाजवळ नसते. भिवंडी तालुक्यातील खारबावचे उदाहरण घ्या. वसई-दिवा मार्गावर हे स्थानक आज चालू आहे. म्हणून ‘खारबावची गाडी किती वाजता?’ हा प्रश्न कोणालाही खटकत नाही. समजा, तेथील गाड्या चाळीस वर्षे बंद असत्या, तर हाच प्रश्न विचारणाऱ्याकडे लोकांनी निरखून पाहिले असते.

ओळखीचे नाव

सीमाभागात अनोळखी संशयितांच्या जिवाची शाश्वती नव्हती. तेव्हा पारुळकरांनी एका तिसऱ्या नावाचा आधार घेतला. रावळपिंडीच्या छावणीचे पूर्वीचे प्रमुख, स्क्वॉड्रन लीडर उस्मान हमीद, यांना दूरध्वनी लावण्याची विनंती त्यांनी केली. हमीद यांनी कैद्यांना ओळखले, त्यांना सांभाळण्यास सांगितले आणि तिघांचे प्राण वाचले. कैद्याच्या तोंडी शत्रूच्या अधिकाऱ्याचे नाव येथे संरक्षण ठरले, कारण ते ऐकणाऱ्यांच्या व्यवस्थेत जिवंत होते.

या प्रसंगाची तुलना मार्च १९४४ मधील जर्मन छावणीतील पलायनाशी करता येते. तेथून ७६ वैमानिक निसटले. पुन्हा पकडलेल्यांपैकी ५० जणांना ठार मारण्यात आले. त्यांत ऑस्ट्रेलियन वैमानिकही होते. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार पलायनाचा फसलेला प्रयत्न केवळ शिस्तभंगाच्या शिक्षेस पात्र ठरतो. पारुळकर व त्यांचे सहकारी डिसेंबर १९७२ मध्ये मायदेशी परतले. पुढे ग्रुप कॅप्टन पदापर्यंत पोहोचलेल्या पारुळकरांचे २०२५ मध्ये पुण्यात निधन झाले.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील असे एक स्थळनाम शोधा, जे कागदोपत्री आहे पण बोलण्यात उरलेले नाही. ते उच्चारल्यावर तीन वेगवेगळ्या वयोगटांतील व्यक्तींचा प्रतिसाद नोंदवा आणि त्यातील फरकाची कारणे लिहा.